हंबनटोटा बंदर: ९९ वर्षांचा करार नेमका कशासाठी झाला?

श्रीलंकेच्या दक्षिण टोकावरचे हंबनटोटा बंदर २०१७ मध्ये एका चिनी सरकारी कंपनीकडे ९९ वर्षांसाठी गेले. ही गोष्ट आपल्याकडे साधारण अशी सांगितली जाते: चीनने कर्ज दिले, श्रीलंकेला ते फेडता आले नाही, म्हणून चीनने बंदर घेतले. व्यवहाराचे तपशील पाहिले की ही मांडणी टिकत नाही. बंदराच्या बदल्यात एक डॉलरही कर्ज माफ झाले नाही. करारातून आलेला पैसा परकीय चलनाच्या गंगाजळीत गेला आणि बंदरासाठी काढलेले कर्ज श्रीलंकेच्या माथी तसेच राहिले.

व्यापारी मार्गांवरून महासत्तांमध्ये चुरस कशी पेटते हे समजून घ्यायला हे प्रकरण उपयोगी आहे. एका लहान देशाने चार-पाच ठिकाणी घेतलेले (आणि टाळलेले) निर्णय बाहेरच्या स्पर्धेला वाट कशी करून देतात, ते इथे टप्प्याटप्प्याने दिसते. निर्णय घेणाऱ्यांचा उल्लेख इथे पदानेच केला आहे.

पार्श्वभूमी

आशिया आणि युरोप यांना जोडणारा मुख्य सागरी मार्ग हंबनटोट्यापासून सुमारे १० सागरी मैलांवरून जातो. एवढ्या वर्दळीच्या मार्गाला इतके लागून असलेले ठिकाण म्हटल्यावर तिथे बंदर हवे, ही कल्पना श्रीलंकेत जुनीच आहे. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत हा जिल्हा उद्ध्वस्त झाला. नोव्हेंबर २००५ मध्ये याच जिल्ह्यातले नेते राष्ट्राध्यक्ष झाले आणि कल्पनेला राजकीय बळ मिळाले.

हा चीनने आणून टेकवलेला प्रकल्प नव्हता. पहिला व्यवहार्यता अभ्यास २००३ च्या सुमारास एका कॅनडियन अभियांत्रिकी कंपनीने केला होता. दुसरा, २००६ चा, डॅनिश सल्लागार कंपनीचा होता. त्यात एक नेमकी सूचना होती: सुरुवातीला कंटेनरच्या मागे लागू नका, गाड्या आणि सुटा माल हाताळा, त्यातून उत्पन्न उभे राहू द्या, मग कंटेनर धक्क्यांकडे वळा. पुढचे बरेचसे नुकसान या सूचनेचा क्रम मोडल्याने झाले.

पैशासाठी श्रीलंकेने भारत आणि अमेरिका या दोघांकडे विचारणा केली होती. दोघांनीही नकार दिला. निव्वळ व्यापारी हिशेबाने तो नकार चुकीचा नव्हता, कारण कोलंबो बंदर चांगले चालू असताना दक्षिणेला दुसरे मोठे बंदर तग धरेल याची खात्री कोणालाच नव्हती. मात्र स्पर्धेच्या पटावर नकार हीसुद्धा एक चाल असते. जागा मोकळी राहिली आणि ती घ्यायला चिनी बांधकाम कंपन्या तयार होत्या.

२००७ मध्ये चीनच्या एक्झिम बँकेने (आयात-निर्यातीला अर्थपुरवठा करणारी सरकारी बँक) पहिल्या टप्प्यासाठी ३०.७ कोटी डॉलरचे कर्ज दिले. व्याजाचा दर बदलता ठेवायचा की स्थिर, याची निवड श्रीलंकेकडे होती. तेव्हा जगभर दर चढत होते, म्हणून ६.३ टक्के स्थिर दर घेतला. वर्षभरातच जागतिक आर्थिक संकट आले, दर कोसळले आणि श्रीलंका चढ्या दराला बांधली गेली. हा दोष निर्णय घेणाऱ्यांच्या माथी मारणे योग्य नाही, त्या दिवशीच्या माहितीवर तो निर्णय रास्तच होता. जानेवारी २००८ मध्ये काम सुरू झाले आणि नोव्हेंबर २०१० मध्ये उद्घाटन झाले.

बंदर उभे राहिले, जहाजे आली नाहीत

उद्घाटन झाले तेव्हा प्रवेशमार्गात खडक होता. मोठी जहाजे आत येण्यासाठी तो सुरुंग लावून फोडावा लागला आणि त्यासाठी सुमारे ४ कोटी डॉलर वेगळे मोजावे लागले. खरी उणीव मात्र मालाची होती. २०१२ मध्ये हंबनटोट्याला ३४ जहाजे लागली. त्याच वर्षी कोलंबोला ३,६६७ लागली.

मार्ग दहा मैलांवर असून जहाजे का वळली नाहीत? नकाशावर बोट ठेवून बंदरे ठरवणाऱ्यांची गफलत नेमकी इथे होते. कोलंबोसारख्या बंदराचा मुख्य धंदा ट्रान्सशिपमेंटचा असतो. मोठे जहाज शेकडो कंटेनर उतरवते आणि तिथून लहान फीडर जहाजे ते भारत, बांगलादेश, म्यानमारच्या बंदरांकडे नेतात. जहाज कंपनी बंदर निवडताना पाहते ते असे: आठवड्याला किती फीडर सुटतात, धक्क्यावर क्रेन तासाला किती कंटेनर उचलतात, जहाज आल्याबरोबर जागा मिळते का, इंधन आणि दुरुस्तीची सोय काय आहे. मुख्य मार्गापासूनचे अंतर या यादीत असते, पण बरेच खाली. शिवाय फीडर आल्याशिवाय मोठी जहाजे येत नाहीत आणि मोठी जहाजे आल्याशिवाय फीडर येत नाहीत. हे चक्र फिरवायचे तर आपला माल स्वतःच वळवू शकेल अशी जहाज कंपनी किंवा मोठा बंदर संचालक पहिल्या दिवसापासून सोबत लागतो. हंबनटोट्याला तसा कोणीच नव्हता. बंदर बांधणारी कंपनी बांधून मोकळी झाली आणि चालवण्याचे काम श्रीलंका बंदर प्राधिकरणाकडे आले. कोलंबोतून मिळणारे पैसे हंबनटोट्याच्या हप्त्यांत जाऊ लागले.

२०१२ मध्ये सरकारने आयात गाड्या घेऊन येणारी जहाजे आदेश काढून हंबनटोट्याला वळवली. त्यामुळे जहाजांची संख्या थोडी वाढली. पण तो हुकमाने आणलेला माल होता, स्वतःहून आलेला नव्हे.

याच वर्षी सर्वांत महागडा निर्णय झाला. पहिल्या टप्प्याचे उत्पन्न सुरू होण्याची वाट न पाहता दुसऱ्या टप्प्यासाठी एक्झिम बँकेकडून आणखी सुमारे ७५.७ कोटी डॉलर घेतले गेले. या वेळी व्याज २ टक्के होते. दर स्वस्त मिळाला म्हणून कर्ज मोठे घेतले, असा हा प्रकार. व्याज कमी असले तरी मुद्दल डॉलरमध्येच फेडायचे असते, आणि बंदर तर डॉलर कमवत नव्हते.

खरी अडचण डॉलरची

जानेवारी २०१५ मध्ये सत्तापालट झाला. सप्टेंबर २०१४ मध्ये चिनी पाणबुडी कोलंबोच्या चिनी संचालित टर्मिनलला लागली होती, त्यामुळे दिल्लीत अस्वस्थता होती आणि नव्या सरकारकडून अपेक्षाही होत्या. नव्या सरकारने मार्च २०१५ मध्ये कोलंबो पोर्ट सिटी हा चिनी प्रकल्प थांबवला. पुढच्याच वर्षी तो पुन्हा सुरू करावा लागला, कारण तिजोरी आडवी आली.

श्रीलंकेने २००७ पासून आंतरराष्ट्रीय बाजारात सार्वभौम रोखे (सरकारचे कर्जरोखे) विकायला सुरुवात केली होती. रोख्यांची परतफेड हप्त्याहप्त्याने होत नाही. मुदत संपली की सगळे मुद्दल एकदम द्यावे लागते, नाहीतर नवे रोखे विकून जुने फेडावे लागतात. निर्यात वाढत नव्हती आणि करवसुलीही कमी होती. २०१७ मध्ये देशाला परकीय कर्जापोटी सुमारे ४.५ अब्ज डॉलर भरायचे होते. त्यात हंबनटोट्याचा वाटा सुमारे ५ टक्के होता. सर्वांत मोठा वाटा बाजारातून उचललेल्या कर्जाचा होता. जून २०१६ मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडून १.५ अब्ज डॉलरचा तीन वर्षांचा कार्यक्रम घ्यावा लागला आणि गंगाजळी वाढवण्याची अट त्यासोबत आली.

म्हणजे दोन वेगळी दुखणी होती. एक, तोट्यातले बंदर. दोन, डॉलरची टंचाई. बंदर भाड्याने देऊन दोन्हींवर एकच औषध लागू करायचे ठरले. चर्चेच्या टेबलावर श्रीलंकेची बाजू पडती राहिली ती यामुळे. विकणाऱ्याला तारखेची घाई आहे हे घेणाऱ्याला ठाऊक होते.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय होता आहे तसे चालू ठेवण्याचा. प्राधिकरणाने तोटा सोसायचा, कोलंबोच्या उत्पन्नातून हप्ते भरायचे आणि माल येण्याची वाट पाहायची. यात सार्वभौमत्वाचा प्रश्न उद्भवत नव्हता, पण नवे डॉलरही येत नव्हते.

दुसरा पर्याय एक्झिम बँकेच्या कर्जाची फेररचना किंवा कर्जाच्या बदल्यात समभाग देण्याचा. लोक ज्याला ‘कर्जासाठी बंदर’ म्हणतात तो हाच. तो विचारात होता, प्रत्यक्षात उतरला नाही. कर्ज देणारी बँक आणि बंदर चालवणारी कंपनी या दोन वेगळ्या संस्था आहेत, दोन्हींची मालकी चिनी सरकारकडे असली तरी त्यांचे ताळेबंद वेगळे आहेत. आणि श्रीलंकेला तातडी होती ती रोख्यांच्या परतफेडीची. एक्झिमचे लांब मुदतीचे कर्ज रद्द करून घेण्यापेक्षा हातात रोख डॉलर येणे सरकारला अधिक उपयोगाचे वाटले. वित्तीय तर्क म्हणून ते बरोबरच होते.

तिसरा पर्याय बिगर-चिनी संचालक आणण्याचा. त्या दिशेने चाचपणी झाली, पण आगाऊ मोठी रक्कम मोजायला कोणी पुढे आले नाही. शेवटी ज्यांवर निर्णय घ्यायचा होता ते दोनच प्रस्ताव होते आणि दोन्ही चिनी सरकारी मालकीच्या कंपन्यांचे: एक बांधकाम करणारी कंपनी, दुसरी चायना मर्चंट्स पोर्ट. दुसरी निवडली गेली. ती निव्वळ ठेकेदार नव्हती, बंदरे चालवणारी कंपनी होती आणि कोलंबोतले दक्षिणेकडचे टर्मिनल ती आधीपासून चालवत होती.

चौथा पर्याय गांभीर्याने मांडला गेल्याचे दिसत नाही: कमी मुदत, कमी आगाऊ रक्कम आणि मालाच्या प्रमाणात वाढत जाणारा वार्षिक मोबदला. डॉलर आत्ता हवे असतील तर असा करार परवडत नाही, म्हणून तो मागे पडला.

करार कसा बांधला गेला

डिसेंबर २०१६ च्या प्राथमिक करारात चिनी कंपनीला ८० टक्के हिस्सा, ९९ वर्षे आणि १.१२ अब्ज डॉलर अशी चौकट होती. सोबत सुमारे १५,००० एकरांच्या औद्योगिक क्षेत्राची घोषणा होती. जानेवारी २०१७ मध्ये हंबनटोट्यात जमिनीच्या भीतीने लोक रस्त्यावर आले आणि आंदोलनाला हिंसक वळण लागले. देशांतर्गत विरोध आणि भारताची चिंता या दोन्हींमुळे पुढचे सहा-सात महिने कराराची बांधणी बदलण्यात गेले. २९ जुलै २०१७ ला झालेला करार पहिल्यापेक्षा बराच वेगळा होता.

एका कंपनीऐवजी दोन कंपन्या केल्या गेल्या. पहिली कंपनी बंदराचा व्यापारी भाग चालवते आणि तिच्यात चायना मर्चंट्सचा हिस्सा ८५ टक्के, प्राधिकरणाचा १५ टक्के. दुसऱ्या कंपनीकडे सुरक्षा, जहाजांचे मार्गदर्शन अशा सामायिक सेवा आहेत. तिचे ५८ टक्के समभाग पहिल्या कंपनीकडे आणि ४२ टक्के थेट प्राधिकरणाकडे. ५८ चे ८५ टक्के काढले की चिनी हिस्सा ४९.३ टक्के भरतो आणि श्रीलंकेचा ५०.७. ज्या सेवांचा संबंध नौदल आणि सुरक्षेशी येतो, तिथे अर्ध्या टक्क्याहून थोडे जास्त, पण श्रीलंकेचे पारडे जड ठेवले गेले. दोन्ही मिळून चिनी हिस्सा सुमारे ७० टक्के धरला जातो. लष्करी वापर श्रीलंकेच्या संमतीशिवाय होणार नाही, असे सरकारने स्पष्ट केले.

१.१२ अब्ज डॉलरपैकी सुमारे ९७.४ कोटी हा हिश्श्यांचा मोबदला होता. तो डिसेंबर २०१७ ते जून २०१८ दरम्यान तीन हप्त्यांत आला. उरलेले सुमारे १४.६ कोटी बंदर आणि सागरी कामांसाठी राखून ठेवायचे होते. बंदराचे एक्झिम कर्ज प्राधिकरणाच्या वहीतून काढून सरकारच्या तिजोरीवर टाकले गेले. बंदराचे उत्पन्न एकीकडे आणि बंदराचे कर्ज दुसरीकडे, अशी ही फाळणी झाली.

पुढे काय झाले

प्रतिक्रिया करारापेक्षा मोठी होती. ‘कर्जाच्या सापळ्याची मुत्सद्देगिरी’ हा शब्दप्रयोग भारतीय अभ्यासक ब्रह्मा चेलानी यांनी २०१७ मध्ये रूढ केला आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये अमेरिकेच्या तत्कालीन उपराष्ट्राध्यक्षांनी चीनवरील भाषणात याच बंदराचे उदाहरण दिले. हंबनटोटा हे जगभरच्या वादात वापरायचे चलनी नाणे झाले. चिनी प्रकल्प घेणाऱ्या प्रत्येक देशाला ‘तुमचे हंबनटोटा होईल’ हे ऐकावे लागले.

भारताने प्रतिसाद कोलंबोत शोधला. तिथल्या ट्रान्सशिपमेंटचा मोठा भाग भारतात येणाऱ्या-जाणाऱ्या मालाचा आहे, त्यामुळे हे स्वाभाविकच होते. मे २०१९ मध्ये पूर्व कंटेनर टर्मिनलसाठी श्रीलंका, भारत आणि जपान यांच्यात सहकार्याचा करार झाला. कामगार संघटनांनी विरोध केला आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये श्रीलंकेने माघार घेतली. बदल्यात पश्चिम टर्मिनल देऊ केले. सप्टेंबर २०२१ च्या करारात अदानी समूह ५१ टक्के, स्थानिक जॉन कील्स ३४ टक्के, प्राधिकरण १५ टक्के आणि मुदत ३५ वर्षे असे ठरले. नोव्हेंबर २०२३ मध्ये अमेरिकी विकास वित्त महामंडळाने या टर्मिनलला ५५.३ कोटी डॉलर देण्याचे जाहीर केले. पुढे डिसेंबर २०२४ मध्ये अदानींनी ते कर्ज घेणार नसल्याचे सांगितले आणि २०२५ मध्ये टर्मिनल सुरू झाले. पूर्व किनाऱ्यावरच्या त्रिंकोमालीतल्या तेलटाक्या कोणी चालवायच्या हा तिढाही जानेवारी २०२२ मध्ये सुटला: ९९ पैकी १४ भारतीय तेल कंपनीच्या श्रीलंकेतल्या शाखेकडे, २४ श्रीलंकेच्या महामंडळाकडे आणि ६१ संयुक्त कंपनीकडे.

एप्रिल २०२२ मध्ये श्रीलंकेने परकीय कर्जाची परतफेड थांबवली. २०१७ च्या करारातून आलेल्या डॉलरनी काही काळ उसंत दिली होती, मूळ दुखणे तसेच होते. याच संकटात ऑगस्ट २०२२ ची घटना घडली. चीनच्या ‘युआन वांग ५’ या उपग्रह आणि क्षेपणास्त्रांचा माग घेणाऱ्या जहाजाला जुलैत परवानगी दिली गेली होती. भारताने चिंता कळवल्यावर श्रीलंकेने भेट पुढे ढकलण्याची विनंती केली, आणि मग १६ ते २२ ऑगस्टसाठी पुन्हा परवानगी दिली. अटी अशा होत्या की ओळख सांगणारी यंत्रणा चालू ठेवायची आणि श्रीलंकेच्या सागरी हद्दीत संशोधन करायचे नाही. परवानगी देण्याचा अधिकार पूर्णपणे कोलंबोकडे होता, बंदर चालवणाऱ्या कंपनीकडे नाही. पण परदेशी संशोधन जहाजांसाठी लिखित कार्यपद्धती तयार नव्हती, म्हणून प्रत्येक अर्ज दोन राजधान्यांमधल्या रस्सीखेचीत अडकला. कार्यपद्धती २०२३ मध्ये आली आणि जानेवारी २०२४ पासून वर्षभर अशा जहाजांना बंदीच घालावी लागली.

स्पर्धा मग कर्ज-फेररचनेच्या टेबलावरही पोहोचली. भारत, जपान आणि फ्रान्स यांनी सरकारी धनकोंच्या समितीचे सहअध्यक्षपद घेतले. चीनची एक्झिम बँक समितीबाहेर राहून वेगळी वाटाघाट करत होती. जानेवारी २०२३ मध्ये भारताने कर्जात सवलत देण्याची हमी नाणेनिधीला सर्वांत आधी दिली, चीनची पुरेशी हमी मार्चमध्ये आली आणि त्यानंतरच सुमारे ३ अब्ज डॉलरचा कार्यक्रम मंजूर झाला. ऑक्टोबर २०२३ मध्ये एक्झिम बँकेशी सुमारे ४.२ अब्ज डॉलरच्या कर्जाबाबत तत्त्वतः समझोता झाला.

वेगळे काय करता आले असते

उत्तर शोधायला लांब जायला नको, ते कोलंबोतच आहे. तिथले दक्षिणेकडचे टर्मिनल याच चायना मर्चंट्सने बांधले, ८५ टक्के हिस्सा याच कंपनीचा, १५ टक्के प्राधिकरणाचा. पण मुदत ३५ वर्षे, पैसा कंपनीचा आणि माल न आल्यास तोटाही कंपनीचा. सरकारच्या वहीत टर्मिनलचे कर्ज नाही. टर्मिनल २०१३ मध्ये सुरू झाले आणि चालले. तोच देश, तीच चिनी कंपनी, आणि निकाल वेगळा. फरक धोका कोणी उचलला यात आहे. २००७ मध्ये आधी संचालक शोधला असता आणि तो मिळाला नसता, तर त्या न मिळण्यातूनच हंबनटोट्याची वेळ आली नसल्याचे कळले असते. तेही बांधकामावर पैसा खर्च होण्याआधी.

२०१२ चा दुसरा टप्पा अटीला बांधायला हवा होता. डॅनिश अहवालातला क्रम करारात उतरवता आला असता: पहिल्या टप्प्याचे धक्के ठरावीक प्रमाणात भरल्याशिवाय पुढच्या कर्जाचा हप्ता उचलायचा नाही. कर्ज मंजूर होणे आणि ते उचलणे या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत, मधे थांबता येते.

२०१६-१७ मध्ये सरकारचे हात खरोखर बांधलेले होते, त्यामुळे इथे कठोर होणे सोपे नाही. तरीही ९९ वर्षांचा आकडा खटकतो. आगाऊ रकमेचे आजचे मूल्य काढले तर पन्नासाव्या वर्षानंतरचे उत्पन्न बोलीत फारच थोडी भर घालते, कारण इतक्या दूरच्या पैशाला सूट-दराने (भविष्यातल्या रकमेचे आजचे मूल्य काढताना दरवर्षी होणारी घट) कात्री लागते. म्हणजे शेवटची चाळीस-पन्नास वर्षे श्रीलंकेने जवळजवळ फुकट दिली. पन्नास वर्षांच्या मुदतीवर रक्कम थोडीच कमी आली असती आणि राजकीय धग बरीच कमी झाली असती.

भारताच्या बाजूनेही एक निर्णयबिंदू हुकला. सुरुवातीचा नकार व्यापारी दृष्टीने समर्थनीय होता, पण त्याला पर्यायी प्रस्तावाची जोड नव्हती. गाड्यांच्या मालापुरता एक छोटा धक्का आणि भारतीय निर्यातदारांच्या ट्रान्सशिपमेंटची हमी एवढे देऊ केले असते, तरी पहिल्या टप्प्याला माल मिळाला असता आणि २०१२ ची घाई कमी झाली असती. भारतीय कारखान्यांच्या गाड्या नंतर हंबनटोट्यातून पुढे जाऊ लागल्याच, तोवर धक्का दुसऱ्याच्या हातात होता. दक्षिणेकडे केरळात विळिंजम बंदर २०२५ मध्ये अधिकृतपणे सुरू झाले, तेही मुख्य मार्गापासून सुमारे १० सागरी मैलांवर. त्याच्या फीडर सेवा कशा उभ्या राहतात यावर कोलंबो आणि हंबनटोटा या दोन्हींच्या मालाचे पुढचे गणित अवलंबून आहे. चीनच्या सिनोपेक या सरकारी तेल कंपनीने जानेवारी २०२५ मध्ये हंबनटोट्यात ३.७ अब्ज डॉलरच्या तेलशुद्धीकरण प्रकल्पाचा करार केला. शुद्धीकरणाचा मुख्य ग्राहक कोण, त्यातले किती इंधन श्रीलंकेत विकता येईल आणि किती निर्यात करायचे, अशा जातीचे प्रश्न २००७ मध्ये बंदराबाबत आधी विचारायला हवे होते. या वेळी ते बांधकामाआधी चर्चेत आले.